पाच जणींचं तेल

पांढरमाळच्या उतारावर शनिवारी सकाळी अख्खं गाव लोटलं होतं. मधोमध बजरंगची काळीपिवळी जीप नवरीसारखी हळदीकुंकवानं माखून उभी. तिच्या पुढच्या चाकाशी संगप्पा महाराज डोळे मिटून पुटपुटत होते. त्या पुटपुटण्यात 'चक्रधारी' एवढा एकच शब्द कळत होता, आणि तो आला की माणसं माना डोलावत होती.

महिना झाला, ती जीप गौरम्माच्या दारापुढं आली की किंचाळायची. ऐकणाऱ्याच्या दाताला कळ लागावी अशी. गौरम्मा धर्माबादकडची, एकटी विधवा, तेलुगू मिसळून बोलणारी. मग काय, महाराजांना निदान करायला वेळ लागला नाही.

"चाकात भानामती शिरलीय. करणारी समोरच ऱ्हाती. पाच व्रतवाल्या सवाष्णी आणा. मंतरलेलं तेल चाकाच्या पोटात जाऊ द्या."

व्रतवाली म्हटल्यावर पहिलं नाव उज्वलाबाईंचं आलं. भोकरहून रोज याच जीपनं येऊन त्या गावच्या शाळेत शिकवत. सोमवार, गुरुवार, चतुर्थी काही चुकायचं नाही. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहासुद्धा नाही. आवाज इतका हळू, की मागच्या रांगेतली पोरं 'काय म्हणलाव बाई?' असं विचारायची.

"देवाचं काम हाय, न्हाई म्हणू नका," बायकांनी गळ घातली. पाचही जणींनी तेलाच्या बाटलीला हात लावला आणि ती उज्वलाबाईंनी घेतली. पुढच्या दोन्ही चाकांच्या भोकांतून लोखंडी चकत्या दिसत होत्या, त्यांच्यावर धार धरली. मन खात होतं, तरी धरली.

रिकामी जीप हळूहळू उतारावरून गेली. हूं नाही की चूं नाही. गर्दीनं जयजयकार करून आभाळ डोक्यावर घेतलं. एक बाई जाता जाता गौरम्माच्या उंबऱ्यावर थुंकली.

सोमवारी सकाळी जीप उतार उतरत होती तेव्हा उज्वलाबाई बजरंगच्या शेजारीच होत्या. बजरंग ब्रेक दाबत होता, अंगाचा सगळा भार देऊन दाबत होता, आणि जीप थांबायचं नाव घेईना.

"धरा बाई, धरा!"

त्यानं हँडब्रेक ओढला. जीप घसपटत गेली आणि गौरम्माच्या कडब्याच्या गंजीत घुसून थांबली. आत अकरा माणसं. खरचटण्यावर भागलं. गंजीच्या पलीकडं गौरम्मा शेळीला पाणी पाजत होती. गंजी दोन हात कमी असती, तर ती उरली नसती.

तासाभरात महाराजांची पांढरी गाडी उताराच्या माथ्यावर येऊन थांबली.

"उलटली! भानामती उलटली! दिवस मावळायच्या आत ही बाई शिवेबाहेर गेली पाह्यजे!"

चार गडी गौरम्माच्या घरात शिरले. पत्र्याची पेटी, पितळी घागर, व्यंकटेशाचा फोटो, सगळं रस्त्यावर आलं.

"अय्यो, मी काय केले? मी काय केले?" गौरम्मा प्रत्येकाचं तोंड बघत होती.

"थांबा," उज्वलाबाई म्हणाल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. "अहो, थांबा जरा." नाहीच. आयुष्यभर हळू बोलल्याचा त्यांना पहिल्यांदाच संताप आला. त्यांनी पेटीवर जाऊन बैठकच मारली. "मिस्त्रीला फोन केलाय. तो येईपर्यंत एक वस्तू हलायची नाही!"

भोकरहून श्रीमंत मिस्त्री पाने-पक्कड घेऊन आला.

"चाकाला हात लावशील तर हात झडतील," महाराज गरजले.

"वीस वर्षं लावून राहिलो, महाराज. मोजा, दहाच्या दहा बोटं हायती."

त्यानं चाक काढलं, चकतीजवळून एक तुकडा सोडवला आणि वर धरला. नखाएवढा पातळ.

"हे ब्रेकचं पॅड. हे चकतीला चिमटून धरतंय, तवा गाडी थांबती. झिजलं की ही त्याच्यावरची पत्ती चकतीला घासती अन् बोंबलती. बोंबलावं म्हणूनच बशिवलेली हाय ती. पॅड बदला म्हणून सांगती."

"मंग गौरम्माच्याच दारात का?" कुणीतरी विचारलं.

"बजरंग, ब्रेक कुठं दाबतूस?"

बजरंगनं मान खाली घातली. "उतारावर. हितंच."

"अन् तेलानं आवाज कसा गेला?" गर्दीतून दुसऱ्यानं विचारलं.

"बोंबलणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबला की आवाज जातूयच की. पण तेलानं पकडबी जाती." श्रीमंतनं बोटावरचा बुळबुळीतपणा पुसला. "कोण शहाण्यानं घातलं हे?"

"मी," उज्वलाबाई म्हणाल्या.

मग मागून एक म्हातारा कुरकुरला, "मिस्त्री लोकं काय बी सांगत्यात. महाराजांचं तेल पवित्र हाय, त्यानं वाईट व्हायचं न्हाई."

एवढं चाक उघडून दाखवलं, तरीही हेच! उज्वलाबाई उठल्या. जीपमध्ये शनिवारची अर्धी बाटली तशीच पडली होती. ती घेऊन त्या चढ चढल्या, महाराजांच्या पांढऱ्या गाडीपाशी वाकल्या आणि बूच काढलं.

"पवित्रच आहे ना? मग तुमच्याही गाडीला घालते."

"अहो बाई! चकतीवर नको!" महाराज धोतर सावरत धावले. "ब्रेक लागायचे न्हाईत! उतार हाय समोर, मरंन की मी!"

बोलून गेले आणि ओठ तसेच उघडे राहिले.

गर्दीतून एक पोरगी फिस्सकन हसली. मग दुसरी.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," उज्वलाबाई म्हणाल्या. पुन्हा हळूच बोलल्या, पण या वेळी शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. "अकरा माणसं होती आत."

महाराज गाडीत बसले आणि पहिल्या गिअरमध्ये, फार जपून, उतार उतरून गेले. पुढच्या गावी जातील, तिथंही तेल खपेल. या विचारानं उज्वलाबाईंच्या अंगाची लाहीलाही होत होती.

"उचला," त्यांनी त्या चार गड्यांना सांगितलं.

"काय?"

"पेटी. ज्यांनी बाहेर काढली त्यांनीच आत न्यायची."

त्यांनी नेली. चुकलं म्हणून एकजणही बोलला नाही. देवाचा फोटो मात्र गौरम्मानं कुणाला शिवू दिला नाही. पदरानं धूळ पुसून स्वतःच आत नेला.

संध्याकाळी घरी उज्वलाबाईंनी समईत तेल घातलं तेव्हा बोटाला लागलेला थेंब निरखून बघितला. मग वात लावली. त्यांची व्रतं चालूच आहेत, सुटायची नाहीत. पण हात जोडताना मिटलेले डोळे नंतर उघडायचे असतात, हे त्या आता शाळेत, हळदीकुंकवाला, जीपमध्ये, जिथं तिथं सांगतात. तुम्हीही सांगा. चाक बोंबललं तर चाक खोला. शेजारणीचं दार नव्हे.