आधी अंदाज, मग भांडण

माझ्या बायकोच्या पीएच.डी.चं नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही. 'प्राथमिक स्तरावर मापन या घटकाच्या अध्यापनासाठी परिसराधारित कार्यक्रमाची निर्मिती व त्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास.' विषय खरं तर सोपा आहे. चौथीच्या मुलांना लिटर, किलो आणि मीटर कसे शिकवायचे. एवढंच सांगायला दोन ओळी कशाला लागतात, असं मी एकदा विचारलं, तर अर्चना चार दिवस माझ्याशी पीएच.डी. सोडून दुसऱ्या कशावर बोलली नाही. शिक्षा म्हणून.

आम्ही मूळचे कराडकडचे, राहतो सालवडला. मी बावीस वर्षं तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्यूसी केमिस्ट आहे, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या मालातल्या चुका काढायचा पगार घेतो. अर्चना पालघरच्या पूर्वेकडे एका पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. संध्याकाळी पाचला ती घरी येते, आणि साडेपाचपासून आमच्या घरात विद्यापीठ भरतं.

तिची पद्धत तिनं आधी माझ्यावर वापरून पाहिली. स्वयंपाकघरातलं एकही भांडं त्या काळात मोकळं नव्हतं. "या कळशीत किती तांबे पाणी मावेल? आधी अंदाज सांगा." मी सांगायचो. मग ती मुद्दाम दुसरा, लहान तांब्या घेऊन मोजायची. उत्तर वेगळं यायचं. मी चिडायचो. ती खूश व्हायची.

"बघा, हेच पाहिजे! आधी अंदाज, मग भांडण, मग माप. भांडण झाल्याशिवाय सगळ्यांना एकच माप कशाला लागतं हे कळत नाही. आपण पोरांच्या हातात थेट लिटर ठेवतो, मग ती पाठ करतात आणि विसरतात."

पटण्यासारखं होतं. पण नवऱ्याला पटून चालत नाही, ते सिद्ध करावं लागतं. त्यासाठी तिनं दोन शाळा घेतल्या. तिच्या शाळेतली चौथी हा प्रायोगिक गट. तिथे पाच आठवडे तिची पद्धत. डोंगराकडच्या दुसऱ्या पाड्यावरची चौथी हा नियंत्रित गट. तिथे भाग्येश सर हाच धडा नेहमीसारखा शिकवणार. शेवटी दोन्हीकडे एकाच दिवशी, एकाच वेळी, एकच चाचणी.

मला हे समजावून सांगायची गरजच नव्हती. आमच्या लॅबमध्ये नमुन्याशेजारी एक 'ब्लँक' ठेवतात. सगळी रसायनं तीच, फक्त नमुना नाही. ब्लँक स्वच्छ असेल तरच नमुन्याच्या आकड्याला अर्थ. ब्लँकमध्ये कुणाचा चुकून थेंब पडला, तर मी त्या माणसाला सगळ्या लॅबसमोर उभा-आडवा झापतो.

चाचणीच्या आदल्या दिवशी कळलं की भाग्येश सरांना पंचायत समितीत मीटिंगला बोलावलंय. अर्चना तर तिच्या शाळेत अडकलेली. माझी साप्ताहिक सुट्टी होती.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "अकरा वाजता कागद वाटायचे, बारा वाजता गोळा करायचे. मधे तोंड उघडायचं नाही."

"मी काय लहान आहे?"

मी नऊलाच पोचलो. भाग्येश सरांनी वर्ग माझ्या हवाली केला आणि गाडीला किक मारली. अकराला दोन तास होते. बाहेर हातपंपावर चौथीतल्याच दोघी, दीपिका आणि बुधी, शाळेचं पिंप भरत होत्या आणि तावातावानं भांडत होत्या.

"माजा हंडा मोटा हाय. मी चार टाकले."

"नाय! माजे पाच. मीच जास्ती आनला."

आता सांगा, बावीस वर्षं मोजमाप करणारा माणूस समोर उभा आहे आणि दोन पोरी खोटी मापं छातीठोकपणे सांगतायत. मी तोंड उघडलं. नुसतं विचारलं, "हंड्यात तांबे किती मावतात? अंदाज सांगा." पुढच्या दहा मिनिटांत अख्खा वर्ग पंपावर होता. कुणी घरून तांब्या आणला, कुणी खिचडीचं भांडं, कुणी तुटक्या बाटलीचं बूड. शाळेचं अंगण चिखलानं भरलं. माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली. इतका आनंद मला कारखान्यात एकदाही झाला नव्हता.

अकराला मी सगळ्यांना आत बसवलं, कागद वाटले आणि आज्ञेप्रमाणे तोंड मिटलं.

महिन्याभरानं आकडे आले. अर्चनाच्या वर्गाला सरासरी पंचविसात अठरा. नियंत्रित गटाला सतरा. फरक नगण्य. तिनं ते आकडे पुन्हा एकदा तपासले. मग तिच्या गाइड मंगला मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "शून्य परिकल्पना स्वीकारली, असं लिहा. पद्धतीचा परिणाम दिसला नाही, हासुद्धा निष्कर्षच असतो. पदवी मिळेल. मार्चमध्ये नोंदणीची मुदत संपतेय, आता नवीन काही काढू नका."

ब्लँकमध्ये थेंब माझ्याच हातून पडला होता, हे मला तेव्हा लख्ख कळलं आणि मी गप्प बसलो. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही. सांगितलं तर नवा नियंत्रित गट, नवी चाचणी, म्हणजे एक वर्ष आणि मुदतवाढीचा अर्ज, तोही मंजूर होईल याची खात्री नाही. पदवी मिळतेय ना, मग झालं, असं मी स्वतःला बजावत राहिलो.

पण घरातली भांडी मोकळी झाली. कळशी माळ्यावर गेली. "भाग्येश सर नेहमीच्या पद्धतीनं इतकं छान शिकवतात," ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. "मीच उगाच सहा वर्षं पाण्याशी खेळत बसले." आणि हसली. ते हसणं मला सहन झालं नाही. तरीही मी ताट घेऊन जेवायला बसलो.

फेब्रुवारीत आम्ही पालघरला स्टेशनजवळ मेहुलच्या दुकानात गेलो. तो प्रबंध छापून बांधून देतो, मरून कव्हर आणि सोनेरी अक्षरं. त्यानं शेवटचं प्रकरण तपासायला आमच्यापुढे ठेवलं. अर्चनानं ते न बघताच माझ्याकडे सरकवलं. मी वाचलं: 'सदर कार्यक्रम परिणामकारक असल्याचे आढळून आले नाही.'

"अर्चना," मी म्हणालो, "हे खोटं आहे. मी त्या पोरांना शिकवलं."

मग उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, पंपापासून पँटीपर्यंत. मेहुलनं मशीन बंद केलं. मी डोळे मिटायच्या तयारीत होतो.

"किती वेळ?" तिनं विचारलं. आवाज परीक्षकाचा.

"दीड-पावणेदोन तास."

"आधी अंदाज घेतलात?"

"घेतला."

"लिटर तुम्ही सांगितलात की त्यांनी मागितला?"

"दीपिका म्हणाली, सर, दोगींना एकच माप पायजे, नायतर ही ऐकायची नाय. मग मी पिशवीतली लिटरची बाटली काढली."

अर्चना स्टुलावर बसली. मला वाटलं रडतेय, आणि रडतही होती, पण तोंड हसत होतं.

"तिनं मागितला! अहो, तिनं स्वतःहून मागितला!"

"रागाव ना," मी म्हणालो. "तुझं वर्ष गेलं."

"रागावणार आहे. घरी गेल्यावर. सावकाश, वर्षभर." तिनं डोळे पुसले आणि छापलेलं शेवटचं प्रकरण माझ्या हातून घेऊन मधोमध फाडलं. मग तिथूनच मंगला मॅडमना फोन लावला. स्टेशनवरच्या घोषणेच्या वर आवाज जावा म्हणून ती जवळजवळ ओरडत होती.

"मॅडम, मुदतवाढीचा अर्ज करतेय. नाही मिळाली तर नाही. पदवीचं बघू काय ते. मॅडम, ऐका तर! शिकवणं कधी न शिकलेल्या माणसानं शिकवलं, तरी माझी पद्धत चालते!"