दबाव नसल्याचा दाखला

महासंघाने सगळ्या घटक राज्यांना प्रश्नावली धाडली होती. तुमचे न्यायाधीश मोकळेपणाने निकाल देतात काय? पुरावा जोडा, नाहीतर मताचा अधिकार गोठवू. विधी खात्याने तीन बैठकांत चहा घेतला आणि चौथीत तोडगा काढला. प्रत्येक न्यायाधीशाकडून ‘माझ्यावर कोणताही दबाव नाही’ असा दाखला संध्याकाळी पाचच्या आत लिहून घ्यायचा.

जिल्हा न्यायाधीश बाईंकडे छापील दाखला घेऊन त्यांचे धाकटे दीरच आले. ते खात्यात उपसचिव होते. खात्याने माणूस बरोबर हेरला होता.

"वहिनी, सही तेवढी ठोका. दोनशे अकरा झाल्या, तुमची राहिलीय."

"सगळ्यांनी केली?"

"एकानं तर दोनदा केली. म्हणाला, असू दे जवळ."

बाईंच्या टेबलावर एका संपादकाची फाइल होती. मंत्र्यांच्या पुलाला गेलेले तडे छापले म्हणून तो चौदा महिने आत होता. महासंघाच्या न्यायालयाने त्याला सोडायला सांगितलं होतं. पण तुरुंगाचं दार राज्याच्या कोर्टाच्या हुकमावरच उघडतं, आणि तो हुकूम बाई उद्या अकराला देणार होत्या.

"आणि याचं काय, भाऊजी?"

दिरांनी चहावर फुंकर घातली. "मी काही बोललोय का? वरचे एवढंच म्हणाले की वहिनींना सांगा, घाई नको. दादाच्या बढतीचंही बघतायत म्हणे. यात दबाव कुठाय?"

बाईंनी पेन उघडलं आणि छापील मजकुराखाली लिहिलं: ‘वरील विधान खोटे आहे. उद्याचा हुकूम लांबवा, असा निरोप हा दाखला आणणाऱ्या अधिकाऱ्याने मला आत्ताच दिला.’ सही, तारीख, वेळ.

दिरांचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा वाचलं, तसा तो हळूहळू खुलला.

"वहिनी, तुम्ही तर आम्हाला तारलंत. दबाव असता तर असं लिहायला कुणाचा हात धजला असता? हा कागद सगळ्यात वर लावतो."

रात्री जेवताना नवरा एवढंच म्हणाला, "धाकट्याला चहा तरी नीट दिलास ना?"

सकाळी साडेदहाला शासनाचा आदेश आला. बाईंनी केलेली दबावाची तक्रार शासनाने अत्यंत गांभीर्याने घेतली होती. त्यांना तत्काळ दबावमुक्त जागी, वजनमापे लवादावर, हलवण्यात येत होतं. नवे न्यायाधीश यथावकाश येतील. प्रलंबित प्रकरणांच्या तारखा नंतर कळवण्यात येतील.

शिरस्तेदार चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, दहालाच हुकूम वाचला असतात तर..."

"बोर्डावर अकरा लिहिलं होतं."

"हो ना. बोर्डावरची वेळ आपण कधी मोडली नाही."

बाहेर बाकावर संपादकाची आई बसली होती. मांडीवर मुलाचे बूट, पॉलिश केलेले. पक्षकारांशी बाहेर बोलायचं नाही, हा नियम बाईंनी बावीस वर्षं पाळला होता. आता बोलायला हरकत नव्हती. त्या शेजारी बसल्या.

"बाई, अकराला आत बोलावतील ना?"

"आज नाही, आजी."

म्हातारीने बूट तळाला तळ लावून पिशवीत घातले. "मग कधी?"

उत्तर बाईंच्या हातातल्या कागदावर टाइप केलेलं होतं. त्यांनी कागदाची घडी घालून तो पर्समध्ये टाकला.