घरगाडीतले दोन पाइप

"ह्ये कशाचं?" रत्नाबाईंनी बाहेरूनच विचारलं.

वर्धमान मगदूम गाडीत गुडघ्यांवर बसले होते. बायकोचं बोट जिकडे, तिकडे त्यांची मान. बोट आता भिंतीवर बसवलेल्या काचेच्या नळीवर होतं. नळीत हिरवं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा.

"गवंड्याची लेव्हल हाय ती. बुडबुडा मधी आला म्हंजे गाडी सपाटीला उभी हाय, असं समजायचं."

"आणि न्हाय आला तर?"

"तर रात्री झोपंत आपण दोघं एकाच कडंला घरंगळत जातोय."

"ह्या वयात काय तरी बोलू नका. पुढचं सांगा."

पुढचं म्हणजे एक फळी होती. फळीला एका मापाची सहा गोल भोकं. वर्धमानांनी याचं उत्तर कालच तयार करून ठेवलं होतं.

"तांब्या ठेवायची जागा ती. गाडी हालली तरी तांब्या हालत न्हाय."

रत्नाबाई घरात गेल्या, तांब्या घेऊन आल्या आणि त्यांनी तो दारातूनच नवऱ्याच्या हातात दिला. तांब्या एका भोकात ठेवायला गेले तर तो आत मावेना, कलंडला आणि टणटणत सीटखाली जाऊन बसला.

"बाटल्या ठेवायचं हाय ते," रत्नाबाई म्हणाल्या. "आणि त्या कपाटाच्या दाराला स्क्रूची चार भोकं दिसत्यात, तितं काय हुतं?"

"स्क्रू हुते."

"बाटली उघडायचं हुतं. तुम्ही काल अंधारात काढलंय आणि पानपट्टीवाल्याला दिऊन आलाय. मला काय कळत न्हाय व्हय? आसू दे. बाटली काचंची, बाहीरनं आली, बाहीर गेली. फळी मी चिंचंनं घासून घेतो. दारूचं धुतलं की जातंय. मटणाचं जात न्हाय."

अट तेवढीच होती. गाडीत काय काय आहे आणि ते कशासाठी आहे, हे कळल्याशिवाय रत्नाबाई गाडीत पाय ठेवणार नव्हत्या. श्रवणबेळगोळची यात्रा करायची, वाटेत गाडीतच पाणी गाळायचं, गाडीतच शिजवायचं आणि दिवस मावळायच्या आत जेवून मोकळं व्हायचं, असा बेत होता. वर्धमानांनी त्यासाठी शेगडी नवी घेतली, भांडी नवी घेतली, गाद्यांच्या खोळीसुद्धा बदलल्या. पण ज्या गाडीत कुणी मांस टांगलं असेल, तिथे रत्नाबाईंच्या हातून भात शिजणार नव्हता. आणि भात नाही तर यात्राही नाही.

गाडी मूळची मॅटाडोर. गोव्यात राहणाऱ्या कुणा जर्मन जोडप्यानं ती आपल्या हिशेबानं आतून बांधून घेतली होती. मग ते आपल्या देशी गेले, गाडी दोन-तीन हातांतून फिरत शिरोलीच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात येऊन उभी राहिली. विकणारा तिला कॅम्परव्हॅन म्हणत होता. उचगावात आल्यावर तिची घरगाडी झाली.

वर्धमानांचा उभा जन्म साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेला होता. भरलेली गाडी आली, वजन लिहा. रिकामी होऊन आली, वजन लिहा. हजारो गाड्या त्यांच्या खिडकीपुढून जगभर गेल्या आणि हे खुर्चीवर राहिले. माणसं नवी गाडी घेतली की देवळात नेतात. यांनी ही गाडी आधी काट्यावर नेली, रिकामी किती भरते ते पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि मग तिला हार घातला. असा माणूस गाडी का घेईल, हे गल्लीला काही उमगत नव्हतं. म्हातारचळ, असं एक मत पडलं होतं.

खरं कारण वर्धमानांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नाला दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हा ही दोघं बस्तीतून, म्हणजे जैन देवळातून, निघालेल्या यात्रेच्या बसमधून श्रवणबेळगोळला गेली होती. बसच्या पुढारी आक्काताई. बाई मनानं चांगली, पण आवाज असा की कानात सांगितलेलं शेतापलीकडे ऐकू जावं. डोंगराच्या पायऱ्यांवर त्या ओरडून म्हणाल्या, "रत्ने, लेकरू माग की! बाहुबलीच्या डोळ्याला डोळा लावून माग!" पायऱ्यांवरच्या सगळ्या बायकांनी वळून रत्नाबाईंकडे पाहिलं. रत्नाबाई वर गेल्या, दर्शन घेतलं, खाली आल्या आणि पुन्हा कधी यात्रेला गेल्या नाहीत. मूल झालं नाही ते नाहीच. दर वर्षी बस निघाली की त्या म्हणायच्या, माझे गुडघे दुखतात. तेच गुडघे कुरडया वाळत घालायला माडीवर दहा खेपा करत, हे वर्धमान पाहत होते. त्यांना बायकोचं फार वाईट वाटे. तसं वाटतं हे तिला सांगणं त्यांना कधी जमलं नाही. शेवटी त्यांनी गाडी घेतली.

तर तपासणी जवळजवळ पार पडली होती. पायानं दाबायचा पाण्याचा पंप रत्नाबाईंना शिलाई मशीनसारखा वाटला आणि आवडला. गॅसच्या कपाटाच्या तळाला असलेलं भोक उंदरांसाठी नसून गळालेला गॅस खाली जाण्यासाठी आहे, हेही त्यांनी थोडी घासाघीस करून मान्य केलं. राहता राहिले दोन पाइप. पुढच्या सीटच्या मागे, खांद्याच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना लोखंडी खोबणी होत्या आणि त्यांत गाडीच्या रुंदीएवढे दोन पाइप आडवे बसत. कशासाठी, ते वर्धमानांना खरोखरच कळत नव्हतं.

"कपडे वाळत घालायला," ते म्हणाले.

"डायवरच्या डोक्यामागं वली लुगडी?"

आणि नेमका तेव्हाच पिराजी आला. पिराजी शेजारी, ट्रकच्या बॉडीला रंग मारण्यात हयात गेलेला, आणि बोकडाकडे नुसतं बघून मटण किती पडेल ते सांगणारा. त्यानं दारातून डोकं आत घातलं, पाइप पाहिले आणि पैज जिंकल्यासारखा हसला.

"आण्णा, ह्यात काय कोडं हाय? बोकड टांगायचं हाय की ते! एका पाइपाला म्होरलं पाय, दुसऱ्याला मागलं. यात्रंला निघालेली गाडी म्हंजे बोकड आलंच की!"

वर्धमानांनी डोळे मोठे केले, भुवया उडवल्या, शेवटी त्याच्या पायावर पाय दिला.

"पाय कशाला देतायसा? खोटं सांगतोय व्हय मी?"

रत्नाबाई तांब्या न घेताच घरात गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"तुझ्या यात्रंत आसतंय रं बोकड!" वर्धमान कळवळून म्हणाले. "आमच्या यात्रंत कुटलं?"

"आरं तिच्या," पिराजी म्हणाला. "मग यात्रंला जाऊन करतायसा तरी काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मगदूमांच्या दारात खटला उभा राहिला. वर्धमान रात्रभर विचार करून एका निर्णयाला आले होते. आपल्याला जगातलं दुसरं काही कळत नसेल, पण वजन कळतं. पाइप हलक्या ॲल्युमिनियमचा होता. तो बोकड पेलणार नाही एवढं सिद्ध झालं की बोकड निर्दोष आणि गाडीही निर्दोष. त्यांनी तांदळाचं पोतं आणलं, दोरी आणली आणि साक्षीदार म्हणून पिराजीलाच बोलावलं. कालच्या प्रकारानं पिराजीही खजील झाला होता. घरात रत्नाबाई खिडकीला पाठ करून बसल्या होत्या, म्हणजे कान इकडेच होते.

"पिराजी, मोठ्यानं सांग. बोकड किती किलोचं आसतंय?"

"जत्रंचं व्हय? वीसच्या खाली बोकड न्हाय, आण्णा. त्याच्या खाली नुसतं करडू. आब्रू जातीय पावण्यात."

"वीस! ऐकलं का गं, वीस म्हनतोय!" वर्धमान खिडकीकडे ओरडले आणि त्यांनी पोतं दोन्ही पाइपांना मिळून अडकवलं. पाइप कमानीसारखे वाकले. त्यांनी घाईघाईनं पोतं उतरवलं, तांदूळ कमी केले, पुन्हा अडकवलं. असं करत करत ते विसावरून पंधरा किलोवर आले.

"हे बघा, दोनी पाइप मिळून पंधरा किलोच्या वर काय पेलत न्हाईत! बोकड न्हवतंच! पिराजी, सांग."

"न्हवतं, वैनी!" पिराजी छातीवर हात ठेवून ओरडला. "माझी चूक झाली. बोकड न्हवतं ते!" इथे थांबला असता तर त्या माणसाचं सगळ्यांनी भलं चिंतलं असतं. पण त्याची नजर पुन्हा पाइपावर गेली आणि तोंडावर उजेड पडला. "कोंबड्या आस्तील! दोनी पाइपाला वळीनं दहा कोंबड्या!"

घराचं दार धाडकन उघडलं. रत्नाबाई पदर खोचून बाहेर आल्या आणि जिथे पाय ठेवणार नाही म्हणून हटून बसल्या होत्या त्या गाडीत चढल्या. "काढा ते पाइप! न्हायतर मीच काढतो आणि टाकतो वड्यात!" पण पाइपाला उघड्या हाताने शिवायचं कसं? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. ड्रायव्हरच्या सीटखाली जॅक होता आणि जॅकला एक जाड कापड गुंडाळलेलं होतं. त्यांनी ते ओढून काढलं आणि त्याचा बोळा करून पाइपाचं टोक खोबणीतून उचलायला गेल्या.

टोक कापडात शिरलं.

कापडाची कड दुमडून शिवलेली होती, परकराची नाडी जायला शिवतात तशी, फक्त रुंद. पाइप त्या कडेतून सरळ पलीकडे निघाला. रत्नाबाई थबकल्या. आयुष्यभर त्यांनी शिवणकाम केलं होतं. गल्लीत कुणाच्याही घरी पाळणा हलला की पहिली कुंची मगदूमांच्या घरून जायची. त्यांनी कापडाची दुसरी कड चाचपली. तीही तशीच. त्यांनी दुसरा पाइप त्यात घातला आणि दोन्ही पाइप खोबणीत बसवले. सीटच्या मागे, आईबापाच्या खांद्यांच्या उंचीवर, एक लहानशी झोळी लोंबू लागली.

पिराजी दारातून एक पाऊल मागे सरकला.

कापड पाइपांच्या निम्म्या लांबीचं होतं. त्याला पुढे वीतभर निळ्या कापडाची पट्टी जोडलेली होती. तिच्यापुढे आणखी एक, ती चौकटीच्या कापडाची. रत्नाबाईंनी पहिल्या जोडावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या.

"वाढवत नेलंय," त्या म्हणाल्या. "पोरगं लांब व्हईल तसं वाढवत नेलंय. ही टीप मशीनची हाय आणि ही हातानं घातलीया. घाई झाली आसंल. पाय बाहीर यायलं आस्तील त्याचं."

"पंधरा किलो," वर्धमान हळूच म्हणाले आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी जीभ चावली.

"मी जातो, आण्णा," पिराजी म्हणाला. "घरात वाट बघत आस्तील." तो चहा न घेता गेला. मगदूमांच्या दारात असं कधी झालं नव्हतं.

दोघंच राहिली. वर्धमानांना वाटलं, गाडी आजच विकून टाकावी. आपण बायकोला त्या पायऱ्यांवरून वाचवायला गेलो आणि तिच्या मानेमागेच पाळणा बांधून आणला. त्यांना स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"काढून ठेवतो," ते म्हणाले. "पाइप, खोबणी, सगळं काढून टाकतो. रत्ना, मला म्हाईत न्हवतं गं."

"कशाला काढताय?" रत्नाबाईंचा आवाज जड होता, पण सरळ होता. "काय वाईट हाय त्यात? बोकड न्हवतं, कोंबड्या न्हवत्या. लेकरू झोपत हुतं. त्याच्याएवढं सोवळं काय आसतंय?" त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आणि तांदूळ भरून ठेवा पोत्यात. सगळं अंगण पांढरं केलंय."

निघायच्या सकाळी निम्मी गल्ली दारात होती. आक्काताई काठी टेकत आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि दारातून आत डोकावल्या. आवाजाला वय झालं नव्हतं.

"रत्ने! ह्ये मागं झोळीत काय बांधलंयास गं?"

गल्लीतल्या बायकांनी वळून रत्नाबाईंकडे पाहिलं. वर्धमानांचा हात किल्लीवर थिजला. त्यांना तो डोंगर आठवला, त्या पायऱ्या आठवल्या.

"तूप," रत्नाबाई म्हणाल्या. "घरचं हाय. काचंची बरणी. खाली ठेवली तर फुटंल. तितं चांगली बसतीया."

आक्काताईंनी झोळीकडे पाहिलं. निळी पट्टी पाहिली, चौकटीची पट्टी पाहिली. बरणीभोवती जुन्या मऊ लुगड्याची घडी नीट खोचलेली होती. बाईंनी सात लेकरं वाढवली होती. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांनी नुसता हात पुढे केला आणि रत्नाबाईंच्या गालावरून फिरवून कानशिलाजवळ बोटं मोडली. "जाऊन या," त्या म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदाच त्या इतकं हळू बोलल्या असतील.

गाडी सुटली. उचगावात गतिरोधकांना तोटा नाही. पहिला आला तसा रत्नाबाईंचा हात मागे गेला आणि झोळीच्या खाली जाऊन टेकला. दुसऱ्यालाही तसंच. वर्धमान एरवी गतिरोधक मोजत नसत, आता प्रत्येक ठिकाणी गाडी जवळजवळ उभी करून मग पुढे नेऊ लागले. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारला, आई-बहिणीचा उद्धार केला आणि बाजूनं निघून गेला.

मग हायवे लागला. रस्ता सपाट, रुंद, एकही खड्डा नाही. वर्धमानांनी गाडी वेगात घेतली.

"आता काय हालत न्हाय ती बरणी," ते म्हणाले. "हात दुखंल तुझा."

"हूं," रत्नाबाई म्हणाल्या.

त्या पुढे रस्त्याकडे बघत होत्या. हात तिथेच होता.