तिनाचा खळगा

मी एक जुनं लाकडी तबक आहे. मित्रांनो, तबक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे चहाचे कप आले असतील, तर ते आधी उचलून ठेवा. माझ्यावर कुणी कधी कप ठेवलेला नाही. माझ्या अंगावर दहा गोल खळगे आहेत, पाच-पाचच्या दोन ओळींत. नऊ खळग्यांत तांब्याचं एकेक छोटं नाणं बसलेलं आहे. दहावा रिकामा आहे, आणि माझी गोष्ट बरीचशी त्या रिकाम्या खळग्याचीच आहे.

तबक होण्याआधी मी एका खिडकीची चौकट होतो. घर पाडलं तेव्हा सुताराने मला उचलून आणलं आणि दुकानाच्या कोपऱ्यात टाकलं. एके दिवशी चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या एक बाई तिथे आल्या. त्यांना सगळे ताई म्हणत. त्यांनी कोपऱ्यातून नेमकं मलाच ओढून काढलं.

"अहो, नवं लाकूड घ्या की," सुतार म्हणाला. "चकचकीत करून देतो."

"नवं लाकूड वाफा सोडतं. तांबं हिरवं पडतं त्याने. हे वाळून वाळून शांत झालेलं आहे, हेच हवं."

"मग निदान पॉलिश तरी?"

"नको."

"लोक मला हसतील हो."

"लोक नाण्यांकडे बघतील, काळजी करू नका."

सुताराने पेन्सिल कानामागून काढली आणि विचारलं, "नाणी किती आहेत?" ताईंकडे तेव्हा चारच होती. "मग चारच खळगे पाडतो. नाणी मिळतील तसे बाकीचे पाडू." पण ताईंनी मान हलवली. "दहाच्या दहा पाडा. जागा दिसली की शोधायला सुचतं."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. लाकडाला सगळं जरा उशिराच कळतं.

आता नाण्यांबद्दल थोडं सांगतो. ती अगदी साधी, सुट्ट्या पैशांत मिळणारी नाणी होती. एका बाजूला फांदीवर बसलेला पक्षी, दुसऱ्या बाजूला साल. दहा वर्षं ती पाडली गेली, म्हणून सालाचा शेवटचा आकडा शून्यापासून नवापर्यंत. हे आकडे इंग्रजी वळणाचे होते, तेवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. प्रत्येक सालाचं एक नाणं मिळवलं की संच पूर्ण. ऐकायला सोपं आहे ना? पण तिनाच्या साली नाणी फार थोडी निघाली होती. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे टांकसाळीत पाणी शिरलं होतं. कुणी म्हणे पाडली भरपूर, पण परत वितळवली. मला या गोष्टी ऐकायला फार आवडत, कारण त्या माझ्या रिकाम्या जागेबद्दल होत्या.

बाकीचे खळगे भराभर भरले. तीन मात्र येईना. येत राहिले ते आठ. त्याचं असं होई, की आठाची डावी बाजू झिजली, की तो तिनासारखा दिसतो. दुकानदाराने सुट्टे पैसे हातावर ठेवले, की ताईंना त्यात तीन दिसे. त्या धावत घरी येत, चपला दारात भिरकावत, भिंग डोळ्याला लावत, आणि खिडकीशी नाणं उजेडात धरत.

"आला का आठ?" आतून भाऊ ओरडे. भाऊ म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. तो स्कूटर दुरुस्त करायचा, आणि त्याच्या नखांत कायम काळं वंगण असे.

"आला," ताई म्हणत, आणि तो आठ बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. खर्चून टाकायचा त्यांना जीव होत नसे. डबा भरत चालला.

"वन्सं," भाऊची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या, "त्या डब्याने फळी वाकलीय हो. उद्या माझ्या डोक्यावर पडला, तर तुमचे आठ माझे बारा वाजवतील."

घरातल्या थट्टेचं ताईंना काही वाटत नसे. बोचलं ते बाहेरचं. गावात नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. ताई मला कापडात गुंडाळून तिथे नेत. मंडळाचे अध्यक्ष सोनेरी काड्यांचा चष्मा लावत, आणि त्याच्या काचा ताईंनीच घासलेल्या होत्या. त्याच काचांतून ते माझ्याकडे बघून म्हणाले, "अपूर्ण संच म्हणजे दात पडलेलं हसू. हसावं तरी पंचाईत, न हसावं तरी पंचाईत." सगळे हसले. ताईही हसल्या. पण त्यांचा अंगठा हळूच येऊन माझ्या तिनाच्या खळग्यावर बसला, तो घरी जाईपर्यंत तिथेच होता.

मंडळात नाणी विकणारा एक नाणेवाला येत असे. तो मनाने वाईट नव्हता. "बाई, तीन विसरा," तो म्हणे. "माझे केस पांढरे झाले या धंद्यात, मी एकदाच पाहिलंय, तेही दुसऱ्याच्या हातात. तुम्ही प्राण्यांचा संच घ्या. सहा नाणी, सहाही माझ्याकडे. आज नेलीत तर आज पूर्ण!"

"मग उद्या काय करू?" ताईंनी विचारलं.

नाणेवाल्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता.

मित्रांनो, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली, की ती आपल्याच आवाजात ऐकू यायला लागते. "होणार नाही, सोडा," असं इतके लोक म्हणाले, की एका दुपारी ताई स्वतःच तसं म्हणाल्या. त्यांनी नऊ नाणी कागदाच्या पुड्यांत बांधली आणि मला वहिनींच्या हाती दिलं. "घे, तुला शिवणाला होईल. मला आता नको."

वहिनी कपडे शिवत. त्यांनी माझ्यात बटणं ठेवली. शर्टाची पांढरी, फ्रॉकची लाल, आणि तिनाच्या खळग्यात भाऊच्या कोटाचं तुटलेलं मोठं काळं बटण. ते तिथे अगदी बरोब्बर बसलं. खरं सांगतो, आधी मला बरंच वाटलं. दहाही खळगे भरलेले! पण बटणाकडे बघायला कुणी भिंग आणत नाही. बटणाबद्दल कुणी म्हणत नाही, की हे कुठून आलं असेल, याच्या सोबतचे कुठे गेले असतील. मी भरलेला होतो आणि कंटाळलेला होतो.

त्या कोटाचं बटण शोधत एकदा भाऊ आला. मला बघून तो थबकला.

"हे ताईचं तबक ना?"

"त्यांनीच दिलं," वहिनी म्हणाल्या. "मी मागितलं नव्हतं हो."

भाऊने बटण उचललं नाही. तसाच निघून गेला. पुढे कळलं, की सुटे भाग आणायला तो ज्या ज्या भंगार बाजारात जाई, तिथे तिथे इंजिनाबरोबर तिनाच्या सालाचं नाणंही विचारू लागला होता. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, पण त्याने ते घरी सांगितलं नाही.

आणि एका सकाळी तो आला तो जिना धडधडत. "ताई! हात पुढे कर."

हातावर तांब्याचं नाणं होतं. शेवटचा आकडा तीन.

वहिनींनी बटणं भराभर ओंजळीत घेतली. पुड्या सुटल्या. एकेक नाणं आपापल्या जागी आलं, आणि सगळ्यांत शेवटी ते. ताईंनी त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. भाऊने तेवढ्यात अध्यक्षांना फोनही लावला. "हो हो, पूर्ण! दहाच्या दहा!" रविवारी मंडळाचं प्रदर्शन होतं. तिथला नियम असा, की पूर्ण संचालाच टेबल मिळे. ताईंना मधलं टेबल मिळालं. आता कुणी 'दात पडलेलं हसू' म्हणणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी भिंग काढलं. संशय म्हणून नव्हे. ज्याची इतकी वाट पाहिली, त्याला जरा निवांत भेटावं म्हणून. आधी त्यांनी पक्षी पाहिला. पाहता पाहता त्या पुटपुटल्या, "ही रेघ मी कुठेतरी पाहिलीय."

पक्ष्याच्या चोचीपासून नाण्याच्या कडेपर्यंत केसाएवढी बारीक, वर उठलेली एक रेघ गेली होती. ताईंनी फळीवरचा डबा उतरवला आणि सगळे आठ टेबलावर ओतले. काय आवाज झाला म्हणून सांगू! मग त्या एकेक आठ उलटून पक्षी बघू लागल्या. काहींना रेघ नव्हती. काहींना चोचीपाशी नुसता ठिपका होता. काहींची रेघ अर्ध्यात थांबली होती, काहींची थेट कडेला टेकली होती. ताईंनी ते रेघेच्या लांबीप्रमाणे रांगेत लावले. इतकी वर्षं चुकून घरी आलेले ते आठ, सगळे ज्याला हसत तो डबा, आता शाळेच्या रांगेसारखा शिस्तीत उभा होता.

मग त्यांनी तिनाचं साल पाहिलं, नाणं तिरकं धरून, उजेड कडेने घेत. आकड्याच्या डाव्या बाजूला तांबं किंचित खोल गेलं होतं. कुणीतरी आठ खरवडून तीन केला होता.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आता त्या काय करतील? नाणं गुपचूप परत ठेवलं असतं, तर कुणाला कळणार होतं? भाऊ खूश, वहिनी खूश, अध्यक्ष खूश. मीसुद्धा पूर्ण.

संध्याकाळी भाऊ आला तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, हा आठ आहे रे."

भाऊ आधी हसला. मग त्याचं हसू उतरलं. "सगळे म्हणतात ते खोटं नाही, ताई. तुला पूर्ण व्हायलाच नकोय! भरून दिलं तरी तू खोट काढतेस. त्या रिकाम्या भोकाकडे बघत बसतेस, मला बघवत नाही ते, म्हणून मी..."

ताईंनी वाद घातला नाही. भिंग त्याच्या काळ्या बोटांत दिलं आणि म्हणाल्या, "रागाव, पण आधी बघ. टांकसाळीत पोलादी ठशाने नाणं दाबतात. ठशाला तडा गेला, की तांबं त्या फटीत शिरतं आणि नाण्यावर रेघ उठते. ही रांग त्या एका तड्याची आहे."

भाऊ फुरंगटूनच वाकला. पहिलं नाणं पाहिलं. दुसरं पाहिलं. मग त्याने स्टूल ओढलं.

"पक्ष्याच्या बाजूला साल नसतं," तो जरा वेळाने म्हणाला. "तिनाच्या सालीही हाच ठसा असेल की. तेव्हाचाच तडा असेल."

"असेल की. कसं ठरवायचं?"

भाऊने रांगेच्या सुरुवातीचे आठ पुन्हा पाहिले, बिनरेघेचे. मग माझ्यातला सात उचलून उलटा केला. तोही कोरा. आणि त्याने भिंग खाली ठेवलं. "इंजिनाच्या झाकणाला तडा गेला, तर तो वाढतो. बुजत नाही कधी. तिनाच्या साली कडेपर्यंत गेलेला तडा आठाच्या साली चोचीपाशी नव्याने कसा सुरू होईल?" त्याने डोळे मिटले. "फसवलं मला त्या भंगारवाल्याने."

"फसवलं. पण उत्तर तूच काढलंस."

"पण ताई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम वेगळाच झाला, "मग खऱ्या तिनाच्या ठशाचं काय झालं असेल गं?"

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात 'कधी भरणार' हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. त्या घरात ताईंशिवाय 'काय झालं असेल' असं कुणी पहिल्यांदाच विचारलं.

रविवारी ताईंनी अध्यक्षांना खरं सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, "अहो, ठेवून द्या तसंच. काचेखाली कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," ताई म्हणाल्या.

मधलं टेबल गेलं. तेव्हा भाऊने आपल्या गॅरेजातलं अवजारांचं टेबल आणून प्रदर्शनाच्या दाराशी, चपलांच्या शेजारी मांडलं आणि वहिनींनी त्यावर निळं कापड अंथरलं. मध्ये मी, नऊ नाण्यांसह. माझ्यापुढे आठांची रांग, रांगेच्या शेवटी तो खरवडलेला आठ आणि दोरीला बांधलेलं भिंग. चपला शोधायला वाकलेला एक माणूस भिंगात डोकावला तो उठेचना. त्याच्या मागे दुसरा थांबला. "हे बघा, इथून सुरू होतो," भाऊ सांगत होता, जणू ठसा त्याच्याच गॅरेजात तडकला होता. नाणेवाला आला, रांगेवरून दोनदा भिंग फिरवलं आणि म्हणाला, "बाई, माझ्याकडे आठांची अख्खी पिशवी पडून आहे. कुणी घेत नाही. आणून देऊ?" तीन विसरा, असं तो त्या दिवशी म्हणाला नाही. अध्यक्ष सगळ्यांत शेवटी आले. त्यांनी सोनेरी चष्मा कपाळावर चढवला, भिंगाला डोळा लावला, आणि बराच वेळ त्यांची पाठच दिसत राहिली.

मी आता जुना झालो आहे. नाण्यांखालचं माझं लाकूड अजून गडद आहे, पण तिनाचा खळगा इतकी वर्षं उजेडाला उघडा राहून फिकट पडला आहे. ते काळं बटण वहिनींनी त्याच आठवड्यात भाऊच्या कोटाला लावून टाकलं. खळग्यात खरा तीन अजून आलेला नाही. कदाचित येणारही नाही, हे ताईंनाही ठाऊक आहे, आणि तरीही सुट्टे पैसे हातावर पडले, की त्या अजून उजेडाकडे वळतात.

म्हणून एवढंच मागतो. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कुणी असं अवघड काही जुळवत बसलेलं दिसलं, तर लांबून 'होणार नाही' म्हणू नका, आणि त्याने गप्प बसावं म्हणून त्याच्या रिकाम्या जागेत बटणही ठेवू नका. जवळ जा. भिंग मागून घ्या. आणि विचारा, "इथे काय असेल?"