रमण्यातली हरणं

"लक्ष्मण, बाजूला हो."

नानासाहेबांनी बंदूक खांद्याला लावली होती आणि लक्ष्मण खडके हात जोडून तिच्या तोंडासमोर उभा होता. त्याच्या मागे बोरीच्या झाडाखाली चितळांचा कळप चरत होता. बंदुकीचा आवाज त्या कळपाला ओळखीचा होता, पण तो झाल्याशिवाय माना वर करायची सवय नव्हती.

"सरकार, एवढं एकच मागतो. यांना सोडा."

"खुळा आहेस का? दर हिवाळ्याला मारतो. तुझा बाप हाका घालून यांना आमच्यासमोर आणायचा."

"तेव्हा राज्य होतं, सरकार. पाहुणे यायचे, पंगती उठायच्या. आता राज्यच नाही राहिलं, तर या बिचाऱ्यांचा काय कसूर?"

नानासाहेबांनी बंदूक खाली केली. ते होळकरांच्या दरबारातले जुने मानकरी. इंदूरबाहेर, देवासच्या रस्त्याला त्यांचा हा रमणा होता. चहूबाजूंनी दगडी कोट, आत गवताचा माळ, एक तळं आणि आजोबांनी हौसेने सोडलेली हरणं. संस्थान विलीन होऊन नवं मध्यभारत राज्य झालं आणि रमणा सरकारजमा व्हायचं ठरलं. ताबा देण्याआधी कळप कमी करावा, म्हणून ते आज आले होते.

"मी गेल्यावर यांना कोण बघणार?"

"मी आहे ना. नव्या सरकारने ठेवलं तर रखवालदार, नाही ठेवलं तर असाच."

म्हाताऱ्याने बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली. मग म्हणाला, "ठीक आहे. तुझ्या शब्दावर सोडतो." आणि गोळी न झाडता मोटारीत जाऊन बसला.

नव्या सरकारने लक्ष्मणला ठेवलं. कोटाच्या फाटकाशी दोन खोल्या होत्या, तिथे तो आणि त्याची बायको जनाबाई पूर्वीसारखेच राहू लागले. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच रमण्यात बंदूक वाजली नाही. लक्ष्मणला तेवढ्याने समाधान नव्हतं. पूर्वेकडे कोट थोडा ढासळला होता, तिथून वर्षाकाठी बिबट्या आत येई आणि हरणं उचलून नेई. लक्ष्मणने स्वतः दगड रचले, वर बोराटीचे काटे पसरले. बिबट्याचं येणं थांबलं.

पुढची दोन वर्षं लक्ष्मणच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. पाऊस चांगला झाला, गवत कमरेइतकं वाढलं. जिकडे बघावं तिकडे पाडसं. कुठे झुडपात कान हलताहेत, कुठे आईच्या पोटाखाली ढुशा चालल्या आहेत. एका पाडसाची आई साप चावून मेली, तर जनाबाईने त्याला बोळ्याने दूध पाजून वाढवलं. ते तिच्या मागे मागे चुलीपर्यंत यायचं.

"अहो, याला समजवा जरा. पीठ खातंय सगळं," ती ओरडायची आणि पिठाचा हात त्याच्याच तोंडापुढे धरायची.

शहरात बातमी पसरली. रविवारी स्नेहलतागंजातून टांगे भरभरून लोक येऊ लागले. बायका पोरांना कडेवर घेऊन हरणं दाखवायच्या. राजवाड्याजवळच्या एका कापडवाल्या शेठजींनी तर जीवदया म्हणून उन्हाळाभर कडब्याच्या गाड्या पाठवल्या. लक्ष्मण डोक्याला स्वच्छ फेटा बांधून फाटकात उभा राही. "देखो भिया, पत्थर मत मारना. घरकेच हैं अपने," असं सगळ्यांना सांगे.

तिसऱ्या वर्षी दिवाकरराव आले. जंगल खात्याचे तरुण अधिकारी, सायकलवरून यायचे. त्यांनी एक अख्खा दिवस रमणा पायी पालथा घातला. संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना ते म्हणाले, "लक्ष्मणराव, हरणं फार झाली."

लक्ष्मण हसला. "देवाची कृपा आहे, साहेब."

"कृपा नाही. ती झाडं बघा. पानं खालून एकसारखी कापल्यासारखी दिसतात ना? मागच्या पायांवर उभी राहून जितकं पोचतं तितकं त्यांनी खाल्लंय. चांगलं गवत बी धरायच्या आधीच संपतंय. यंदाच्या माद्या पुढच्या वर्षी वितील, त्यांच्या पोरी त्याच्या पुढच्या वर्षी. कोट तेवढाच आहे. माळ काही विणार नाही."

"मग काय करायचं म्हणता?"

"निम्मी काढायला हवीत. दुसरीकडे नेता आली तर उत्तम, पण धरताना मरतात बरीच. नाहीतर मारायची. मी वर लिहितो."

लक्ष्मणने कप खाली ठेवला. "साहेब, तुम्ही पढे-लिखे माणसं. पण मी यांच्यासाठी बंदुकीसमोर उभा राहिलोय. माझ्या हयातीत इथे गोळी नाही चालणार. शेठजी कडबा देतात, पाऊस देव देतो."

दिवाकररावांनी चहा संपवला आणि सायकल काढली. ते गेल्यावर जनाबाईने नवऱ्याला विचारलं, "काय म्हणत होते?"

"नवं पोरगं आहे. कागदावर हरणं मोजतंय," लक्ष्मण म्हणाला.

त्या पावसाळ्यात पाणी बेताचं पडलं. फार मोठा दुष्काळ नव्हता, आसपासच्या शेतांत ज्वारी बऱ्यापैकी आली. पण रमण्यात गवत उगवलं ते बोटभर, आणि उगवल्या दिवशीच संपलं. दिवाळीपर्यंत जमीन दिसू लागली. थंडीत हरणांनी बोरीच्या साली सोलल्या. कळपातले नर तळ्याकाठच्या चिखलातले कंद खुरांनी उकरायचे आणि माद्यांना शिंगांनी हाकलायचे. शेठजींचा कडबा आला, पण आता तो एवढ्या तोंडांना पुरेना. गाडी फाटकात शिरली की हरणं तिच्यावर तुटून पडत. एकदा त्या रेटारेटीत पाडसं तुडवली गेली. शेठजींनी ते पाहिलं आणि पुन्हा गाडी पाठवली नाही. त्यांची जीवदया आता गोशाळेकडे वळली.

लक्ष्मणने फाटक उघडून काही हरणं बाहेर सोडून पाहिली. दुसऱ्याच दिवशी शेजारचा शेतकरी पांडुरंग काठी घेऊन दारात आला.

"लक्ष्मणभाऊ, आमचा गहू खाल्ला तर आम्ही काय खायचं? तुमची हरणं तुम्ही कोंडा. कुत्र्यांनी दोन फाडली, बाकीची मी हाकलून आणलीत."

चूक त्याची नव्हती. लक्ष्मणने हरणं आत घेतली.

मग तो आपण होऊन दिवाकररावांच्या कचेरीत गेला. दारातच उभा राहून म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हणत होता ते करा. निम्मी मारा."

दिवाकररावांनी त्याला खुर्ची दिली. "मी तेव्हाच लिहिलंय. पण संरक्षित जनावर, मंजुरी वरून लागते. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. कागद तिकडे गेले, तोवर ती इकडे आली. इथे विचारलं तर म्हणतात कागद ग्वाल्हेरलाच राहिले."

"मग तोवर?"

दिवाकररावांनी दौत पुढे ओढली आणि पुन्हा एक पत्र लिहायला घेतलं.

कचेरीतून लक्ष्मण तसाच राजवाड्यामागच्या गल्लीत गेला. नानासाहेब वारून वर्ष झालं होतं. त्यांच्या पत्नी, आनंदीबाई, माजघरात वाती वळत बसल्या होत्या.

"बाईसाहेब, सरकारांची बंदूक पाहिजे होती."

"बंदूक? कुणाला मारायचंय रे?"

"हरणांना."

आनंदीबाईंचा हात थांबला. "तूच ना तो? त्या दिवशी घरी येऊन हे हसत होते. म्हणाले, राज्य गेलं तरी एक माणूस अजून माझ्यासमोर उभा राहून मागतो."

लक्ष्मणने मान खाली घातली.

"लायसन त्यांच्या नावावर होतं. ते गेले आणि बंदूक ठाण्यात जमा झाली," त्या म्हणाल्या. "मी तरी काय देऊ तुला? पाणी पिऊन जा."

चैत्रात हरणं मरू लागली. आधी पाडसं, मग पोटुशा माद्या. मरण एकदम येत नव्हतं. हरीण तळ्याकाठी बसायचं आणि मग त्याला उठता यायचं नाही. जिवंतपणीच कावळे डोळ्यांपाशी यायचे. लक्ष्मण दिवसभर कावळे हाकलत फिरायचा. एका कोपऱ्यातले उडवले की दुसऱ्या कोपऱ्यात बसलेले असत.

एका सकाळी त्याला तळ्याकाठी एक मादी दिसली. कावळ्यांनी तिचा एक डोळा फोडला होता. लक्ष्मण घरी आला आणि खोलीतली कुऱ्हाड घेऊन निघाला.

जनाबाई दारात आडवी झाली. "अहो, काय करताय? हे पाप कुठे फेडाल?"

"पाप कधीच झालंय, जने. आता फक्त निस्तरतोय."

ती बाजूला झाली. जरा वेळाने तीही त्याच्या मागे गेली आणि तिने त्या मादीचं डोकं मांडीवर धरलं. मादीच्या कपाळावर लहानपणी चुलीच्या निखाऱ्याने भाजल्याचा डाग होता. हातावरचं पीठ खाणारं पाडस ते हेच. जनाबाईने पदराने तिचा उरलेला डोळा झाकला. लक्ष्मणने घाव घातला.

त्यानंतर रोज सकाळी तो कुऱ्हाड घेऊन जाई आणि जनाबाई बरोबर असे. गाडीवाले येऊन हाडं पोलोग्राउंडच्या बाजूला एका खतवाल्याकडे नेत. रविवारचे टांगे कधीच बंद झाले होते, वास फार दूरवर जात होता.

ज्येष्ठाच्या अखेरीस मरणं थांबली. मरण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. पाऊस आला. चरणारं कोणी नाही म्हटल्यावर, आणि जमिनीत एवढं रक्तमांस मुरलेलं असताना, गवत असं उठलं की लक्ष्मणने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. उरलेली दहा-बारा हरणं त्यात दिसेनाशी झाली. त्यांच्या बरगड्या भरल्या, अंगावर चकाकी आली.

पुढच्या वर्षी उन्हं तापायला लागली तेव्हा दिवाकरराव सायकलवरून आले. लक्ष्मण तळ्याकाठी गाळ काढत होता. एका वर्षात त्याचे केस पांढरे झाले होते.

"लक्ष्मणराव, कागद सापडले बरं का. पण आता संख्याच कमी, म्हणून वरून हुकूम आलाय. मारणं, पकडणं, सगळं बंद. कोट मात्र पक्का करून देणार आहेत. पूर्वेची बाजू चुन्यात बांधायची, म्हणजे बिबट्याचं भय नको."

"बरं, साहेब."

दिवाकरराव माळावर चक्कर मारून आले. त्यांचा चेहरा उजळला होता. घडल्या गोष्टींनी तेही कमी पोळले नव्हते, काहीतरी चांगलं सांगायला मिळालं याचा त्यांना आनंद झाला होता.

"अहो, चला लवकर. त्या पळसाखाली पाडस आहे. कालचंच असेल. कसं उभं राहतंय बघा तरी."

लक्ष्मण जागचा हलला नाही. त्याने फावडं चिखलात रोवलं आणि त्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले.

"नर आहे का मादी, साहेब?"

"मादी."

लक्ष्मणने मान हलवली. बोटांच्या पेरांवर त्याने पुढची वर्षं मोजली. मग त्याने फावडं उपसलं आणि पुन्हा गाळ काढू लागला.