नारळी काठाचा तुकडा

एकतीस शेरवान्या, चौदा गरारे, बटणं उडालेले दोन लष्करी ओव्हरकोट, बँडवाल्यांचे सात लाल डगले, सहा उंच आरसे. एवढं मोजून होईतो रुचा त्या ऐसपैस दुकानाच्या दुसऱ्या टोकाला पोचली. तिथल्या काचेच्या कपाटात तो तुकडा होता: जांभळं रेशीम, नारळी काठ. अख्ख्या हजरतगंजात त्या काठाचं नाव कुणाला सांगता आलं नसतं.

मागच्या शनिवारी तिनं तो पहिल्यांदा पाहिला होता. आज ती मुद्दाम भावनाआत्याला घेऊन आली होती, 'जुने कपडे बघू, गंमत' असं सांगून. कपडे राहिले बाजूला, ती आरशातून आत्याचा चेहरा बघत होती.

दोन वर्षांपूर्वी आत्यानं रुचाच्या आईची नऊवारी एका लग्नासाठी नेली, नेसली, अमीनाबादला पॉलिशला टाकली आणि घडी न मोडता परत दिली. आईनं उलगडली तर आखूड. त्याच दिवाळीत आत्याच्या लेकीनं, स्वरदानं, जांभळा रेशमी कुर्ता घातला होता. झालं! आईनं आत्याच्या घराचं, अलीगंजचं, तोंड पाहायचं सोडलं. बाबा भाऊबीजेला चोरासारखे एकटेच बहिणीकडे जाऊन येत.

"अगं, हा तर वहिनीच्या साडीचा काठ!" आत्या कपाटापुढे थबकली.

खरंच चकित झाली, की सोंग? रुचाला ठरवता येईना. तिनं दुकानदाराला विचारलं, "ये कहाँ से आया?"

"पॉलिशवाला दे गया था, बिटिया," खाँसाहेब गालातलं पान सारत म्हणाले. "साड़ी तो साढ़े पाँच मीटर की होती है. बाकी फालतू समझकर काट लिया होगा. इतनी लंबी साड़ी पहनता कौन है?"

"हम पहनते हैं!" आत्या कडाडली.

खाँसाहेबांचं उत्तर जरा जास्तच तयार होतं. हे दोघं एकमेकांना ओळखत तर नसतील? पॉलिशवाल्यानं आणला, की कुर्त्यापुरतं काढून घेऊन उरलेला आत्यानंच विकला?

"मला इथं कशाला आणलंस ते कळलं हं," आत्या हळूच म्हणाली. "वहिनीनं पाठवलं?"

"नाही. आईला माहीत नाही."

"मग बीएस्सी झालीस ती नुसता संशय घ्यायला? मोज की!"

"घरची मोजलीय. साडेपाच मीटर. नऊ वार म्हणजे आठ मीटर वीस. इथं दोन सत्तर असायला हवं. स्वरदाच्या कुर्त्याला दोन मीटर गेलं असेल, तर मीटरभरसुद्धा भरणार नाही."

"कमी भरलं तर तुझ्यासमोर वहिनीचे पाय धरते. आणि पुरतं भरलं तर या भाऊबीजेला तिनं माझ्याकडे जेवायला यायचं. आणायचं तू. कबूल?"

रुचानं मान हलवली. होय की नाही, ते तिचं तिलाही नीट कळलं नाही.

"बहनजी, कपड़ा लेना है या पंचनामा करना है?" खाँसाहेबांनी विचारलं.

"दोनों," आत्या म्हणाली.

तुकडा पुठ्ठ्यावर घट्ट गुंडाळलेला होता, बाहेरून लांबीचा अंदाज येत नव्हता. खाँसाहेबांनी आपली कापडी फीत पुढे केली. जुनी फीत ताणली जाते, म्हणून रुचानं ती परत दिली आणि पर्समधून स्वतःची स्टीलची काढली. टोक धरायला आत्याचा हात पुढे आला. तोही तिनं बाजूला केला आणि कापडाच्या टोकावर काउंटरवरची इस्त्री ठेवली. रेशीम उलगडत गेलं. न ओढता, सुरकुत्या हातानं सारख्या करत तिनं एका बाजूनं मोजलं, मग उलट बाजूनं पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा आकडा एकच आला.

दोन मीटर सदुसष्ट सेंटिमीटर. दोन्ही टोकांच्या दीड-दीड सेंटिमीटरच्या दुमडी धरून, दोन मीटर सत्तर.