कोरडा निवाडा

जालमसिंगाने दारू सोडली, यावर कुकडीपाड्यात कोणाचाच विश्वास बसला नाही. खरंखोटं करायला कोणीतरी हवं, म्हणून शाळेतल्या पोरांनी ते काम आपल्या अंगावर घेतलं. रोज सकाळी जालमसिंग शाळेच्या दारात आला की पोरं त्याच्याभोवती जमत आणि म्हणत, "आ कर."

बैल विकत घेताना त्याचे दात बघतात, तसा तो मुकाट्याने तोंड उघडी. एकेक पोर पुढे होऊन वास घेई.

"कांदा," एक म्हणे.

"कालची भाकर," दुसरं म्हणे.

दारूचा वास काही येत नसे. मग जराशी हिरमुसून सगळी आपापल्या जागी जाऊन बसत.

अक्कलकुव्याच्या बाजारापासून बरंच वर, सातपुड्याच्या उतारावर हा पाडा होता. शाळा मिशनची. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर आणि आत भटू मास्तर. मास्तर तापीकाठच्या प्रकाशा गावाकडचे. अंगाने किरकोळ, आवाज मात्र पलीकडच्या डोंगरावर जाईल असा. आठवडाभर ते शाळा चालवत आणि रविवारी त्याच छपराखाली उपासना घेत. पाड्यात घरोघरी भिली बोलत, मराठी फक्त शाळेत. मास्तर चिडले की तिसरीच भाषा सुरू होई, त्यांच्या घरची अहिराणी. ती पोरांना फार आवडे. म्हणून कधी कधी पोरं त्यांना मुद्दाम चिडवत.

जालमसिंगाला प्रभू येशूची गोष्ट मनापासून पटली होती. बाप्तिस्मा घ्यायचा आणि नव्या माणसासारखं जगायचं, असं त्याने ठरवलं होतं. शुभवर्तमान आपल्या डोळ्यांनी वाचायचं म्हणून तो केस पिकायला लागल्यावर पोरांच्या मागच्या रांगेत गुडघे पोटाशी घेऊन बसे आणि पाटीवर अक्षरं गिरवी.

एकेक जुनी सवय त्याने सोडायला घेतली. दारू सुटली. तंबाखू सुटली, पण हाताला ते कळलं नाही. हात आपला टेंभुर्णीचं पान घेऊन विडी वळायचा. आत तंबाखू नाही हे ध्यानात आलं की जालमसिंग ती रिकामी विडी कानामागे खोची. संध्याकाळपर्यंत त्याच्या दोन्ही कानांवर झाडाला फुटावी तशी पालवी दिसे. बाजारातली मारामारीही सुटली. पहिल्यांदा तो अक्कलकुव्याहून धड सदरा अंगात घालून परत आला, तेव्हा त्याची बायको नानीबाई दारातच म्हणाली, "काय रे, आज बाजार भरला नव्हता का?"

शेवटी मास्तरांनी सांगितलं, "जालमसिंग, तू तयार झालास. येत्या ईस्टरला, पुनरुत्थानाच्या रविवारी, नदीवर तुझा बाप्तिस्मा करू. आता एकच विचारतो. तुझं कोणाशी वैर आहे का?"

"कोणाशीच नाही," जालमसिंग म्हणाला.

"रेवजीकाका!" सगळी शाळा एका आवाजात ओरडली.

रेवजी हा जालमसिंगाचा थोरला भाऊ. दोघांची शेतं एकमेकांना लागून, मधे बांध, आणि बांधावर मोहाचं एक मोठं झाड. चैत्रात त्या झाडाखाली फुलांचा सडा पडे. मोहाची फुलं वाळवून ठेवली की पोटाला होतात, मिठाच्या बदल्यात देता येतात, दारू तर होतेच. झाड बापाचं. बाप मरताना झाडाकडे बोट करून "हे तुझं" म्हणाला. दोन्ही मुलगे खाटेशी उभे होते. म्हातारा नेमका कोणाकडे बघत होता, यावरून भांडण लागलं आणि बोलणं बंद झालं.

बोलणं बंद म्हणजे अगदीच बंद नव्हतं. शेजारी शेत असल्यावर काही ना काही सांगावं लागतंच. ते दोघं आपापल्या बैलाशी बोलत.

"बैला," जालमसिंग मोठ्याने म्हणे, "काही लोकांच्या शेळ्या दुसऱ्याच्या तुरीत शिरल्यात हो."

"बैला," बांधापलीकडून रेवजी म्हणे, "काही लोकांनी कुंपण घातलं असतं तर शेळीला कळलं असतं."

बैल बिचारे ऐकून घेत.

"ते वैर नाही, मास्तर," जालमसिंग आता म्हणाला. "ते झाड आहे. आणि ते माझं आहे."

मास्तरांचा चेहरा लाल झाला. पोरं आनंदाने सरसावून बसली.

"अरे मन्हा भाऊ," मास्तर गरजले, "तू दारू सोडी दिधी, तमाखू सोडी दिधी, आन सख्खा भाऊ शे, त्याना संगे बोलत नही? हाई काय शे?"

मग शांत होऊन त्यांनी समजावलं. देवापुढे अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाकडे जा. प्रभूचं सांगणं असं आहे. "रेवजीशी समेट झाल्याशिवाय मी तुला पाण्यात उतरवणार नाही. मग हा रविवार जाऊ दे, नाहीतर अख्खं वर्ष जाऊ दे."

जालमसिंग पडल्या चेहऱ्याने उठला. दारू सोडताना त्याला इतकं जड गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो रेवजीच्या अंगणात गेला. बैल सोबत नव्हता, म्हणून कुठे बघून बोलावं ते त्याला कळेना. शेवटी तो कोंबडीकडे बघत म्हणाला, "तंटा मिटवायचा आहे."

"मिटवू," रेवजीही त्याच कोंबडीला म्हणाला. "पंच बोलाव. घडा आण."

इथेच सगळं अडलं. पाड्याची रीत अशी, की तंटा मिटवताना दोघांनी आणि पंचांनी एकाच घड्यातली मोहाची दारू प्यायची. पहिली धार जमिनीला, मग वडीलधाऱ्यांना, मग सगळ्यांना. एका घड्यातून प्यालेल्यांनी पुन्हा वैर धरायचं नाही. रीत चांगली होती, आणि पुष्कळ घरं तिने सांधली होती. घड्याशिवाय झालेला निवाडा मात्र कोणी निवाडा म्हणतच नसे.

"मी पीत नाही," जालमसिंग म्हणाला.

"मग मिटत नाही," रेवजी म्हणाला आणि कोंबडीला हुसकून आत गेला.

जालमसिंग तडक मास्तरांकडे आला. "दारू प्यालो तर बाप्तिस्मा नाही. नाही प्यालो तर समेट नाही, समेट नाही तर बाप्तिस्मा नाही. मास्तर, तुम्ही मला दोन्हीकडून बांधलंत."

मास्तरांनी उठून फळीवरून एक पुडा काढला. नंदुरबारहून आणलेली चहाची पत्ती होती ती. त्या काळी चहा डोंगरात पोचला नव्हता. मास्तर तापाच्या दिवसांत तेवढा घेत. "घडा पाहिजे ना? घडाभर करू," ते म्हणाले. "घड्यात काय असावं ते मी बघतो. पंचांना तू आण."

पंच दुसऱ्या दिवशी सकाळीच शाळेपुढच्या आंब्याखाली जमले. सगळ्यांत वयस्कर आमशाबाबा. पाड्याचा कारभार त्यांच्याकडे. रेवजी एका टोकाला बसला, जालमसिंग दुसऱ्या. नानीबाई आणि रेवजीची बायको तुळशीबाई बायांमध्ये मागे बसल्या. शाळेला सुट्टी नव्हती, तरी शाळेत कोणी नव्हतं.

चुलीवरून घडा उतरला. त्यात गूळ घातलेला काळा चहा. आमशाबाबांनी पळसाचा द्रोण भरून घेतला, रीतीप्रमाणे पहिली धार जमिनीला दिली, आणि गुळाला मुंग्या आल्या. बाबांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि वाट पाहिली. सगळ्यांनी वाट पाहिली.

"काही होत नाही," आमशाबाबा म्हणाले.

"होणारही नाही, बाबा. चहा आहे," मास्तर म्हणाले.

"मग प्यायचं कशाला?"

"तरतरी येते."

बाबांनी दुसरा द्रोण घेतला, मग तिसरा. बाकीच्या पंचांनी आणि दोघा भावांनीही घेतला. हळूहळू सगळे ताठ बसले. कोणाला पेंग येईना, कोणी गाणं म्हणेना, कोणी कोणाच्या गळ्यात पडेना. हे पंचांना अगदी नवीन होतं.

"मास्तर," आमशाबाबा डोळे विस्फारून म्हणाले, "हे भलतंच आहे. तंटा मिटवायला बसलं की माणसाने थोडं विसरायला पाहिजे. हे पिऊन तर मला माझ्या आजाचंसुद्धा भांडण आठवायला लागलं." मग ते एकदम थांबले. "अरे, या झाडाचा निवाडा मी आधी केलाय!"

"केलाय," रेवजी म्हणाला. "झाड मला दिलं होतं."

"मला दिलं होतं!" जालमसिंग उसळला.

"कोणाला दिलं होतं रे?" बाबांनी पंचांना विचारलं.

पंच एकमेकांकडे बघू लागले. निवाडा झाला होता, हे सगळ्यांना आठवत होतं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा झाला होता. पण दर वेळी निवाड्यात घडा फिरे, आणि सकाळी उठल्यावर झाड कोणाला दिलं ते कोणालाच सांगता येत नसे.

मागे बायांमध्ये हसू फुटलं. आमशाबाबांनी खाकरून ते थांबवलं. "बरं. आज डोकं जागेवर आहे, तर आज नीट विचारतो. जालमसिंग, तुला झाड कशाला पाहिजे? दारू तर तू गाळत नाहीस."

"खायला, बाबा."

"खायला?" नानीबाई मागून म्हणाली. "माळ्यावर टोपली भरून फुलं पडलीत गेल्या सालापासून. किडे खातायत. तू एक खाल्लं नाहीस."

"मग विकायला."

"विकायला तू न्यावीस म्हणून मी किती सांगितलं. नेलीस?"

जालमसिंग वैतागला. तरतरी त्यालाही आली होती. "फुलं नकोतच मला!" तो ओरडला. "फुलं त्या रेवजीला मिळायला नकोत, एवढंच पाहिजे मला!"

तो बोलून गेला. त्याचं बोलणं त्याच्याच कानांवर पडलं होतं, आणि तो तोंड तसंच उघडं ठेवून उभा होता. मास्तर काही बोलले नाहीत. शिकवण्याची इतकी हौस असलेला तो माणूस, पण गप्प कधी बसायचं हेही त्यांना ठाऊक होतं.

जालमसिंग हळूच खाली बसला. "मास्तर," तो म्हणाला, "दारू सोडली तेव्हा मला वाटलं, मी नवा झालो. हे तर आत तसंच बसलंय." मग तो रेवजीकडे वळला. कोंबडीकडे नाही, बैलाकडे नाही, सरळ भावाच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "दादा, मी तुझं वाईट चिंतत होतो. मला माफ कर. झाड तुझं. घे."

रेवजीला याची तयारी नव्हती. तो भांडायच्या बेताने आला होता. "मी नाही घेत," तो म्हणाला.

"का?"

"धाकट्याने दान दिलं आणि थोरल्याने घेतलं, असं पाडा म्हणेल. मी थोरला. मी तुला देतो."

"मी आधी दिलं!"

"मी नाही घेतलं!"

"घ्यायचं मुकाट्याने!"

"तू कोण मला सांगणारा?"

दोघं उठून समोरासमोर उभे राहिले. इतक्या वर्षांत ते एकमेकांशी असे तोंडावर भांडले नव्हते. आमशाबाबांनी कपाळाला हात लावला. "आजवर घ्यायला भांडत होते, आता द्यायला भांडतात. मास्तर, तुमच्या पाण्याने तंटा उलटा केला, मिटवला नाही."

तेव्हा तुळशीबाई उठली. तिने नानीबाईकडे पाहिलं, नानीबाईने मान हलवली.

"बाबा," तुळशीबाई म्हणाली, "फुलं आम्ही दोघी जावा वेचतो. पहाटे बरोबर जातो आणि निम्मी निम्मी वाटून घेतो. पहिल्या सालापासून. हे दोघे तेव्हा घोरत असतात."

भाऊ भांडायचे थांबले. त्यांनी आपापल्या बायकोकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. आपलीच बायको आधी जाऊन सगळी फुलं आणते असं समजून आपण दोघेही सारखेच फसलो, हे दोघांना एकाच वेळी कळलं. आधी रेवजीच्या मिशा हलल्या. मग जालमसिंगाला हसू आवरेना. शेवटी दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

"झाड या दोघी जावांचं," आमशाबाबांनी निवाडा दिला. "आणि हा निवाडा उद्या सकाळी सगळ्यांच्या ध्यानात राहील. पुन्हा मला विचारायला यायचं नाही. घड्यात अजून आहे का रे?"

पुनरुत्थानाच्या रविवारी सकाळी सगळा पाडा नदीच्या डोहावर आला. ख्रिस्ती नसलेलेही आले, कारण एवढ्या मोठ्या जालमसिंगाला एवढासा मास्तर पाण्यात बुडवणार आणि वर काढणार, हे कोणालाही चुकवायचं नव्हतं. प्रार्थना झाली, गीत झालं. मास्तर कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. जालमसिंग पांढरं धोतर नेसून काठावरून उतरू लागला. त्याचे ओठ हलत होते. मास्तरांनी शिकवलेली प्रार्थना तो मनात म्हणत होता.

"थांबा!" काठावरून रेवजी ओरडला.

सगळे दचकले. जालमसिंगाचा चेहरा उतरला. मास्तरांनी विचारलं, "काय झालं, रेवजी? तुझी काही हरकत आहे का?"

"आहे तर. त्याला पोहता येत नाही," रेवजी म्हणाला. "लहानपणी याच डोहात बुडत होता. मी केसाला धरून काढला. तुम्ही असे काडीसारखे. तुमच्याच्याने हा वर यायचा नाही."

"मग काय करावं?"

रेवजीने धोतर वर खोचलं, एक पाय पाण्यात टाकला आणि थबकला. "मास्तर, मी भिजलो तर मीही ख्रिस्ती होईन का?"

"नाही रे," मास्तर म्हणाले. "पाण्याने नाही होत. मनातून यावं लागतं."

"मग चालेल," असं म्हणून रेवजी भावामागे डोहात उतरला आणि त्याने जालमसिंगाच्या पाठीखाली आपला हात घट्ट धरला.